आठ ओळींचा औदुंबर

शाळेत बालकवींची ‘औदुंबर’ म्हणजे रंगीत खडूंचं काम होतं. निळा झरा, हिरवी शेतं, पांढरी पायवाट, काळा डोह. बाईंनी कविता फळ्यावर लिहिली, आम्ही वहीत तिचं चित्र काढलं. आजीला मात्र औदुंबर म्हटलं की दत्तगुरू आठवायचे. चित्रात पार नाही, पादुका नाहीत, प्रदक्षिणा घालणारं कुणी नाही, हे तिला खटकलं. या कवितेवरचं मी ऐकलेलं पहिलं नेमकं निरीक्षण तिचंच. आपल्याकडे ज्या झाडाला सहसा एकटं सोडत नाहीत, तेच कवीनं माणसांपासून दूर नेऊन बसवलंय.

कॉलेजात कविता एकदम गंभीर झाली. डोह म्हणजे मृत्यू, झाड म्हणजे विरक्त योगी, अशी उत्तरं तयारच असत. त्यात १९१८ साली, अठ्ठाविसावं वर्ष पुरं होण्याआधीच, बालकवी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले हे कळलं आणि आठही ओळी काळ्या दिसू लागल्या. आता मला ही रीत आळशी वाटते. कवीचं मरण एकदा कवितेच्या गळ्यात बांधलं, की ती वाचायची गरजच उरत नाही.

पुढे नोकरीसाठी परगावी एका खोलीत राहू लागलो. भाकरी थापताना ही कविता मोठ्यानं म्हणायचो, तेव्हा तिची रचना कानाला सापडली. दोन-दोन ओळींची यमकं, पण मधल्या चार ओळींना यमक एकच. टेकडीजवळच्या गावापासून डोहापर्यंत तो एकच ध्वनी आपल्याला चालवत नेतो. झरा वाहतो, वाट चालते, पाणी झाकोळतं. शेवटच्या जोडीत यमक बदलतं आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड दिसतं. तिथे ‘मी’ नाही, ‘एकटा’ हा शब्दसुद्धा नाही. पाण्यावरच्या काळोखीला तर कवी चक्क गोड म्हणतो! उदासी आहे, पण तक्रार नाही.

आणि गाव कवितेतून हाकललेलं नाही. डोहाकडे येणारी वाट माणसांनी कसलेल्या शेतांतूनच येते. उठून जायचं म्हटलं तर जाता येईल. बसणं हे झाडानं पत्करलेलं आहे.

हल्ली मुलं परदेशी, घर शांत. कुणी फार कीव करू लागलं, की मी त्यांना ती पायवाट समजावून सांगायला घेतो. दुसऱ्याच मिनिटाला ते माझ्या रक्तदाबाची चौकशी करतात.