माषांचं देणं

आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं सोनं गाळायला देशभर पांगली. आम्ही केरळात, त्रिशूरला. बाबांच्या गलाईच्या दुकानामागे दोन खोल्या होत्या, शाळा सरकारी मल्याळम. तिथल्या गणिताच्या माषांचं देणं माझ्याच्यानं फिटायचं नाही. (तिकडे मास्तरांना माष् म्हणतात.)

शाळेची संगणकखोली त्यांच्या ताब्यात. २००१ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन तिरुअनंतपुरमला आले होते. त्यांचं भाषण ऐकून आल्यापासून माष् मुक्त सॉफ्टवेअरचे झाले. पुढे राज्यानंही शाळांमध्ये जीएनयू-लिनक्स ही मुक्त प्रणाली आणली, शिक्षकांना तयार केलं, दहावीची संगणकाची परीक्षाही त्यावरच घेतली. पण फतव्यानं यंत्र चालत नाही. वायफाय, स्कॅनर, प्रिंटर, सगळ्यांना ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, लागतो. कंपनीनं तो फक्त विंडोजसाठी लिहिला आणि आतल्या चिपची माहितीही दाबून ठेवली, तर करा काय करायचं ते! एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाला कंपनी विचारत नाही. हजारो यंत्रं एकदम घेणारं राज्य मात्र निविदेतच अट घालू शकतं, की लिनक्सवर चालेल तेच घेऊ.

ती अट माष् अक्षरशः वसूल करत. खोकी फुटली की आधी लिनक्सची सीडी. मग आवाज, नेटवर्क, छपाई. बाबा कस लावल्याशिवाय सोनं घेत नसत, तसंच. एकदा प्रिंटर ढिम्म हलेना. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, "माषे, विंडोज टाका, मिनिटात चालेल." माषांनी पोचपावतीवर सही केली नाही. प्रिंटर परत गेला, दुसरा आला. आम्हा पोरांना ते नसतं खूळ वाटलं होतं.

आता गावाकडं, विट्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. कचेऱ्यांतले स्वस्त लेझर प्रिंटर येतात. त्यांत पानाची आखणी करणारं डोकंच नसतं, ते काम संगणकातला ड्रायव्हर करतो. तो लिनक्ससाठी नसला की प्रिंटर म्हणजे ठोकळा. केंद्राचं २०१५ चं धोरण मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा विचार करा, वगळलं तर कारण द्या, असं सांगतं. चांगलंच आहे. पण खरेदीच्या टेबलावर माषांसारखा खडूस माणूस लागतो.

परवा एका पतसंस्थेच्या दरपत्रकाच्या मागणीत मी लिनक्सची तीच अट घातली. मॅनेजरसाहेब कुरकुरले, तेव्हा सरळ माषांना फोन लावून दिला. दोघंही मोडक्या हिंदीत तासभर भांडले. अट राहिली.