गिरडच्या टेकडीभोवती एक दिवस

आमच्या घरात एका पेटीत एक दगड आहे. लिंबाएवढा, गोलसर, वरून करडा आणि खरबरीत. अम्मी दहा वर्षांच्या असताना आपल्या वडिलांबरोबर बंडीने गिरडला गेल्या होत्या, तेव्हाचा. लग्नानंतर तो त्यांच्याबरोबर वर्ध्याला आला आणि आजवर हिरव्या फडक्यात बांधून ठेवलेला आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धाकट्याने तो दगड बाहेर काढला. अम्मींनी त्याला नेहमीची हकिकत सांगितली. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद बसले होते. दोन व्यापारी नारळ, सुपारी, जायफळ घेऊन तिथून चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. मग ते रडत आले, माफी मागितली. बाबांनी सुकलेल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. ते दोघे पुढे बाबांच्याच खिदमतीत राहिले.

धाकटा चौथीत आहे. तो म्हणाला, "दादी, हे खोटं आहे. फोडून बघू, आत खोबरं आहे का!" आणि खरोखरच हातोडी घेऊन आला. अम्मींनी दगड हातातून काढून घेतला, पेटी बंद केली आणि दोन दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. धाकट्याला आपलं काय चुकलं ते कळेना. आम्हालाही दोघांपैकी कोणाला समजवावं ते कळेना. शेवटी ठरवलं, एक दिवस सगळ्यांनी गिरडला जायचं, टेकडीला पायी एक फेरी मारायची आणि दगड जिथले आहेत तिथेच पाहायचे.

डिसेंबरच्या एका रविवारी फजरची नमाज पढून निघालो. वर्ध्याहून गिरड साठेक किलोमीटर आहे. हिंगणघाट मागे टाकून समुद्रपूर तालुक्यात शिरलो की सपाट काळी रानं हळूहळू उंचसखल होऊ लागतात. दोन्ही बाजूंना पांढरीफटक फुटलेली पराटी, वेचणीला वाकलेल्या बाया, मध्ये तुरीची हिरवी पट्टी. अम्मी खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्या पिशवीत तो दगड होता, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

गिरड गाव टेकडीच्या पायथ्याशी आहे. गावात रामाचं जुनं देवस्थान आहे, वर टेकडीवर दर्गा. रामनवमीला इथे गर्दी असते, मोहरमलाही असते, आणि दोन्ही वेळा दोन्ही समाजांची माणसं असतात. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरातही हेच लिहिलेलं सापडतं, की वर्षभर हिंदू-मुसलमान दोघेही इथे येत राहतात. त्यातच असंही नोंदवलं आहे की तीस वर्षं फकीर म्हणून फिरून बाबा इ. स. १२४४ च्या सुमारास या टेकडीवर आले.

थोरलीने चढता चढता विचारलं, "अब्बू, बाबा फरीदांची मजार तर पाकपट्टनला आहे ना?" बरोबर आहे. चिश्ती सिलसिल्याचे हजरत फरीदुद्दीन गंजशकर यांची मजार पाकिस्तानी पंजाबात पाकपट्टन इथे आहे. दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया हे त्यांचेच खलिफा, आणि शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये फरीदांची वाणी आहे. आपल्याकडे थोर बुजुर्गांच्या नावाने ठिकठिकाणी चिल्ले आहेत. बुजुर्ग जिथे बसून इबादत करत असं मानलं जातं, ती जागा म्हणजे चिल्ला. गिरडकडेही पुष्कळ लोक त्याच नजरेने पाहतात. आम्ही मुलांना इतकंच सांगितलं, की इथे लोकांची श्रद्धा सातशे वर्षांहून जुनी म्हणतात, तेव्हा आवाज खाली ठेवा.

अम्मी दम घेत घेत वर आल्या. सगळ्यांनी फातिहा पढली. आवारात काही कुटुंबं चुली मांडून बसली होती. नवस फेडायला आलेल्या एका बाईने आमच्या मुलांच्या हातावर साखर ठेवली. नावातच गंजशकर असलेल्या बाबांच्या दारी साखरच मिळणार! टेकडीवरून चारी बाजूंचा मुलूख दिसतो. जंगलाचा पट्टा, तुकड्यातुकड्यांची शेतं, मधूनच चमकणारं पाणी.

खरी फेरी इथून सुरू झाली. ज्या पायऱ्यांनी आलो त्यांनी न उतरता दुसऱ्या बाजूच्या पायवाटेने खाली उतरायचं, टेकडीच्या पायथ्याने शेतांच्या कडेकडेने वळसा घालायचा आणि पुन्हा गावात यायचं. अम्मींसाठी वाटेत दोनदा बसावं लागलं, तरी जोहरच्या आत गावात पोहोचू असा अंदाज होता.

उतरणीवर शंभरेक पावलं गेलो नाही तोच धाकटा ओरडला, "दादी, हे बघा!" पायवाटेवर, झुडपांच्या मुळाशी, पावसाने धुपलेल्या मातीत गोल गोल दगड पडले होते. काही सुपारीएवढे, काही जायफळाएवढे. एक-दोन आधीच फुटलेले होते. धाकट्याने त्यातला एक उचलून उन्हात धरला. आत पांढरे, चमकणारे स्फटिक होते, सुईसारखे एका मध्यातून बाहेर पसरलेले.

आम्ही निघण्याआधी थोडं वाचून ठेवलं होतं, ते सांगितलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या मुलखात जमिनीतून लाव्हा वाहिला. थरावर थर साचत गेले. त्याचाच काळा दगड आज निम्म्याहून अधिक महाराष्ट्राखाली आहे. तापलेल्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकतात, जसे भाकरीच्या फुग्यात वाफ अडकते. लाव्हा थिजला की त्या पोकळ्या तशाच राहतात. मग खडकात मुरणारं पाणी विरघळलेली खनिजं आणून त्या पोकळ्यांत कणाकणाने भरत जातं. अशा खनिजांचा एक मोठा वर्ग म्हणजे झिओलाइट. पुढे ऊन-पावसाने भोवतालचा खडक झिजून त्याची माती होते, पण आतले हे गोळे कठीण असतात, ते सुटून बाहेर पडतात. आकार बुडबुड्याचा, म्हणून गोल.

"म्हणजे नारळ नाहीत," धाकटा म्हणाला, पण या वेळी हळू आवाजात.

थोरलीने पुस्तकातली एक गंमत सांगितली. खडकातल्या अशा भरलेल्या पोकळीला भूगर्भशास्त्रात जे नाव आहे, ते ग्रीक भाषेतल्या बदाम या शब्दावरून आलं आहे. अम्मी लगेच म्हणाल्या, "बघा! त्यांना बदाम दिसले, आमच्या लोकांना जायफळ दिसलं."

पायथ्याशी आल्यावर जमीन बदलली. एका नाल्याच्या कापलेल्या काठावर काळ्या मातीखाली फिकट पिवळसर थर दिसत होता आणि त्यात वाकडेतिकडे पांढरे खडे रुतलेले होते. ही चुनखडी. पावसाचं पाणी जमिनीतला चुना विरघळवून खाली नेतं आणि कोरड्या दिवसांत तो तिथेच खडे होऊन बसतो. पूर्वी हेच खडे भट्टीत भाजून चुना करत. जुन्या विहिरी, मशिदी, वाडे त्या चुन्यात बांधलेले आहेत. ईदच्या आधी घराला मारायचा चुना आणि पानाला लावायचा चुना हेही त्याच जातीचे.

काठावर एक शेतकरी काका तुरीला पाणी देत होते. मुलं खडे वेचताना पाहून हसले. म्हणाले, "न्या, न्या, सारेच न्या. या चुनखडीनं माह्या संत्र्याची झाडं पिवळी पडली." खरं आहे. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याच्या मुळांना लोह नीट घेता येत नाही, पानं पिवळी पडतात, झाड खंगतं. आम्ही मुलांना म्हटलं, बघा, ज्याने मशीद उभी राहते त्यानेच बाग बसते.

चुन्याची आणखी जुनी हकिकत याच भागात आहे. गिरडपासून फार दूर नसलेल्या नांदपासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव आणि पिसदुऱ्यापर्यंत लाव्ह्याच्याही खालचे, म्हणजे लाव्ह्याआधीचे, चुनखडी आणि चिकणमातीचे थर उघडे पडलेले आहेत. तेव्हा तिथे तळी आणि दलदल होती. पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं सापडली आहेत, त्यांच्या शेणाचेही दगड झालेले सापडले आहेत. धाकट्याला ही शेणाची गोष्ट सगळ्यात आवडली.

मग नाल्याकाठी शिदोरी सोडली. भाकर, अंड्याची भुर्जी, तिळाची चटणी, कांदा आणि लिंबू. थोरलीने लिंबू हातात घेतलं आणि म्हणाली, आता खरं-खोटं करू. चुनखडीवर आंबट पडलं की फेस येतो. चाकूने खडा थोडा खरवडला, त्यावर रस पिळला, आणि बारीक बुडबुडे आले. वरून आणलेल्या पाच गोल दगडांवरही पिळला. चारांवर काही झालं नाही. पाचव्यावर फेस आला. पोकळीत नेहमी झिओलाइटच भरतं असं नाही, कधी चुन्याचाच स्फटिक भरतो, त्यातला तो असावा.

तेव्हा अम्मींनी पिशवीतून हिरवं फडकं काढलं. म्हणाल्या, "मी हा इथेच ठेवून द्यायला आणला होता. मी गेल्यावर घरात कोण जपणार? फेकूनच देतील." सगळे गप्प झाले. मग त्यांनी तो दगड धाकट्यापुढे धरला. "घे, टाक लिंबू. पण हातोडी नाही."

त्याने एकच थेंब टाकला. फेस आला नाही. बराच वेळ तो दगडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दादी, हा मला द्या. मी नाही फेकणार." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पण त्या व्यापाऱ्यांची गोष्ट?"

अम्मींनी उत्तर दिलं, ते आमच्याही कामाचं आहे. "माझ्या अब्बांनी मला ती सांगितली, फकिराला हसू नये म्हणून. दगड कसा झाला ते तुझी दीदी सांगेल. पण कोणी आपल्याला काही सांगत असेल तर तोंडावर 'खोटं' म्हणू नये."

आम्ही त्यात एवढीच भर घातली, की कुरआनात जमिनीवर फिरून निर्मिती कशी सुरू झाली ते पाहायला सांगितलं आहे. तेव्हा दगडाला लिंबू लावून पाहणं हेही काही बेअदबीचं काम नाही. धाकट्याने दादींची माफी मागितली. त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

वेचलेले दगड आणि खडे आम्ही तिथेच ठेवले. येणारा प्रत्येक जण एकेक नेत राहिला तर आपल्या नातवंडांना टेकडीवर काय दिसणार? गावात पोहोचून वुजू केला, जोहर पढलो आणि चहा घेऊन परत फिरलो. अम्मी गाडीत झोपल्या. दगड धाकट्याच्या मांडीवर होता.

जाणाऱ्यांसाठी थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळ्यात टेकडी तापते. नागपूरकडच्यांना उमरेडमार्गे येता येतं. पाणी भरपूर न्यावं, पायात बूट असावेत. या भागातल्या जंगलात वाघाचा वावर असतो, म्हणून फेरी शेतांच्या कडेनेच आणि दिवसाउजेडी करावी, गावकऱ्यांना विचारून वाट धरावी आणि मुलांना पुढे सोडू नये. दर्ग्याच्या आवारात स्वयंपाक केला तर जागा झाडून निघावं. आणि शिदोरीत एक लिंबू जास्त घ्यावं.