वसईच्या बेटावर
(लेखांक दुसरा)

बुधवार, रात्री

दादरला पहिल्या विरार गाडीत चढताच आलं नाही. दुसरीत शिरले, पण बसायला मिळालं नाही. वसई रोडला उतरून पश्चिमेला यायचं तर जिन्यावरच गर्दी तुंबलेली. बसची वाट पाहिली चाळीस मिनिटं. आली ती भरून आली, थांबलीही नाही. शेवटी सीटच्या रिक्षेने वसई गाव.

रिक्षा 30, दुसरी रिक्षा 80, जेवण 190, चहा 30, पाणी 20. खोलीचं भाडं आगाऊ भरलंय.

धूळ फार. रविवारी परतायचंय, म्हणून रुळांच्या पूर्वेला जायचंच नाही असं ठरवलंय.

गुरुवार

पुन्हा बस नाही. रिक्षा 60.

अख्खा दिवस किल्ल्यात गेला आणि तो तसाच जायला हवा होता. इथे लोक तासाभरात दोन चर्चं आणि चिमाजी अप्पांचा पुतळा बघून परत फिरतात. पण हा नुसता किल्ला नाही, तटबंदीच्या आतलं अख्खं शहर आहे. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षं इथे चर्च, मठ, इस्पितळं, वाडे उभे राहिले. आता छपरं नाहीत. भिंतींतून पिंपळ आणि उंबर उगवलेत. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यात शिरले. गोल जिना इतका अरुंद की दोन्ही खांदे भिंतीला लागतात.

1739 च्या वेढ्यात चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेने सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग उडवले. मे महिन्यात किल्ला पडला. आम्ही नाशिककर नारोशंकराच्या देवळातली घंटा लहानपणापासून बघत आलोय. ती या विजयानंतर इथूनच गेली. इथल्या रिकाम्या घंटाघरांखाली उभं राहिल्यावर त्या घंटेचं मोल जास्त कळलं.

लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांनी जुनं प्रार्थनास्थळ अडवलेलं. ज्या जागेत माणसं पुरली आहेत तिथे धुराच्या कांड्या पेटवणं मला पटत नाही. दर्या दरवाज्यापाशी मात्र कोळ्यांची जाळी वाळत होती, तिथे बरं वाटलं.

जेवण 220. पाय दुखतायत.

शुक्रवार

आज लिहायचं खूप आहे.

निर्मळला सकाळी लवकर गेले. टेकाडावर शंकराचार्यांची समाधी, खाली तळं, जवळच चर्च. तिथून गास, मग भुईगावच्या दिशेने चालत. एका वाडीच्या कुंपणाशी थबकले. आत नारळी, केळी आणि मधोमध हिरवट पाण्याचा मोठा खड्डा. विहीर म्हणावी तर बांधीव काठ नाही, तळं म्हणावं तर लहान. वाडीतले काका म्हणाले, "बावखल आहे ताई. या आत, बघायचं तर नीट बघा."

वय ऐंशीच्या पुढचं. डोक्याला टॉवेल, हातात कोयता. त्यांनी मला काठाकाठाने फिरवलं. पावसाचं पाणी यात उतरतं आणि हळूहळू जमिनीत मुरतं. या पट्ट्यात समुद्र इतका जवळ की गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. बावखलं भरलेली असली की विहिरी गोड राहतात. त्यांच्या लहानपणी काठावर रहाट होता. जनावर गोल फिरायचं, गाडगी पाणी वर आणायची आणि पाटाने ते विड्याच्या पानांच्या वेलींना जायचं. जिथे रहाट रोवला होता तो दगड त्यांनी पायाने पालापाचोळा बाजूला सारून दाखवला. दगडाला दोराने पडलेली खाच होती. त्यात माझं बोट पूर्ण बुडालं.

"शेजारच्यांनी त्यांचं बुजवलं," ते म्हणाले. "डबर टाकलं, वर माती. आता बिल्डिंग आहे. आणि बिल्डिंगला पाणी टँकरचं." आवाज चढला नाही, पण कोयता दोनदा जमिनीवर आपटला. इथली माणसं हे मुकाट्याने बघत बसली नाहीत, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर हरित वसई संरक्षण समितीच्या मोर्च्यांत ते होते. दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा महाराष्ट्राला ते लेखक म्हणून आठवले. इथे अजून ते पाण्यासाठी उभा राहिलेला माणूस म्हणून आठवतात.

काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वालाची आमटी. लाल लुगडं, कानात सोनं, आणि वाढताना एकच म्हणणं, "अजून घ्या." निघताना सुकेळी दिली. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवतात आणि केळीच्या सुक्या पानात घट्ट गुंडाळतात. रात्री खोलीवर एक सोडली. मधासारखी चिकट, दाताला लागते, आणि जुन्या गुळाचा वास येतो. पैसे घेतले नाहीत.

शनिवार

अर्नाळा. किनाऱ्यावरून बेट अगदी समोर, होडी दहा मिनिटांत पोचवते. पण उतरायचं पाण्यातच.

मराठ्यांनी हे बेट 1737 मध्ये घेतलं. दरवाज्यावर कोरलेले वाघ-हत्ती आणि बाजीरावांचा शिलालेख. आत भाजीचे वाफे, त्र्यंबकेश्वराचं देऊळ आणि अष्टकोनी तळं. चारी बाजूंना समुद्र आणि मधल्या तळ्यातलं पाणी गोडं. कालच्या बावखलानंतर त्या तळ्याजवळून हलवेना.

कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील वाळत होते, जबडे एकमेकांत अडकवलेले. एक मावशी त्यांच्या जोड्या लावत होती. सपासप, न बघता. मी विचारलं, एका दिवसात किती? "मोजायला वेळ कुणाला?" म्हणाली. मग स्वतःच म्हणाली की माशांपेक्षा पाण्याची चिंता जास्त असते.

परतीची होडी ओहोटीमुळे लांब उभी. गुडघाभर चिखल तुडवून चढले.

रविवार

सोपारा राहिला. ओझरतं बघण्यापेक्षा न गेलेलं बरं. तिथल्या बुरूड राजाच्या कोटाची, म्हणजे स्तूपाची, टेकडी 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरली. त्यात निघालेल्या वस्तू आता तिथे नाहीतच. बुद्धमूर्ती आणि करंडक मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत, तर सोपाऱ्यातच वेगळ्या जागी सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. म्हणून वसईच्या जेटीवरून रो-रो बोटीने भाईंदरला आले आणि तिथून थेट वस्तुसंग्रहालय गाठलं.

ज्यांच्या हाती दोन-तीनच दिवस आहेत त्यांना एवढंच सांगते: किल्ल्याला एक पूर्ण दिवस द्या, अर्नाळ्याला भरती-ओहोटीची वेळ विचारूनच निघा, आणि गास-भुईगावच्या वाड्यांमधून चालत जा. बावखल दिसलं तर घरच्यांना विचारून आत जा. काठावर काही टाकू नका. ते पाणी अजून वापरात आहे.