छत्र आणि छत

वेरूळच्या जैन लेण्यांत, क्रमांक ३० पासून ३४ पर्यंत, मूर्ती आणि तिच्यावरील छत एकाच कातळातून निघाले आहे. इंद्रसभेतील तीर्थंकरांसाठी वेगळा निवारा बांधण्याची गरज कधी पडली नाही. याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला भगवान पार्श्वनाथांची विशाल मूर्ती कातळात कोरलेली आहे. फणांच्या छत्रासह तिची उंची सुमारे १६ फूट आहे. तिच्या आसनावरील लेख शके ११५६ चा, म्हणजे इ. स. १२३४-३५ मधला. वर्धनपूरच्या घराण्यातील दानशूर चक्रेश्वराने चारणाद्रीवर ही मूर्ती करविली आणि या दानाने कर्मक्षय साधला, असा त्याचा आशय.

मूर्तीवरची वास्तू मात्र अठराव्या शतकातली. ती औरंगाबादच्या एका वाण्याने उभारली, एवढीच त्याची ओळख जुन्या इंग्रज वर्णनांत येते. मूर्ती देणाऱ्याचे कुळ दगडावर राहिले. छत देणाऱ्याचा केवळ व्यवसाय आणि गाव लक्षात राहिले.

तरी त्याचे दान उणे कसे म्हणावे? आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त आहार, औषध आणि उपकरण यांच्याबरोबरीने आवासही दानात गणला आहे. निवारा देण्याची ही भावना एका समाजापुरती नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सार्वजनिक उद्यानांत ओतीव लोखंडाचे नक्षीदार निवारे उभे राहिले. ग्लासगोसारख्या शहरांतील कारखाने त्यांचे भाग ओतून पाठवीत आणि ते जागेवर जोडले जात. पाऊस आला की अनोळखी माणसेही त्याखाली थांबत. पण लोखंडाला वेळोवेळी रंग न मिळाल्यास गंज धरतो. दगडी छताच्या सांध्यांतही पाणी मुरते. निवारा एकदा बांधून संपत नाही.

व्यापारी माणसाला हे सांगावे लागत नाही. भांडवल घातले म्हणजे पेढी चालली असे होत नाही. रोजचा खर्च खतावणीत मांडावाच लागतो. धर्मकार्यात मात्र हा हिशेब विसरला जातो. नव्या मंदिराच्या कोनशिलेसाठी बोली चढते, मोठे नामफलक लागतात; जुन्या मंदिराचे गळके छत, पायऱ्यांची डागडुजी, यात्रेकरूंच्या पाण्याची सोय यांसाठी पावती फाडणारे हात थोडे असतात. जीर्णोद्धाराला मोठे पुण्य मानणाऱ्या परंपरेला हे शोभत नाही.

चक्रेश्वराचे दान दर्शन घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. त्या वाण्याचे दान डोक्यावर असते, आणि वर पाहण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. घरात पुढचा दानाचा संकल्प होईल, तेव्हा एक वाटा अशा छतासाठी वेगळा काढावा.