शोधणाऱ्याचा शब्द

दहावीच्या मराठीची पुस्तकं दोन आहेत. ज्यांची मराठी प्रथम भाषा, त्यांच्यासाठी ‘कुमारभारती’. आमच्या उर्दू शाळांत मराठी द्वितीय भाषा असते, तिथे ‘अक्षरभारती’. धडे वेगळे, कविता वेगळ्या, परीक्षेची कृतिपत्रिकाही वेगळी. पण मुलं मोबाइलवर शोधताना पुस्तकाचं नाव घालत नाहीत. ‘दहावी मराठी धडा 3 उत्तर’ एवढंच लिहितात, आणि समोर बहुतेक वेळा कुमारभारतीची उत्तरं येतात. काही मुलं तीच वहीत उतरवून आणतात. काही हुशार असतात, एक मुलगी म्हणाली, “मॅडम, गूगल पे तो दूसरीच किताब का जवाब आ रा.”

तिच्यासारख्या मुलांसाठी आम्ही तिघी-चौघी शिक्षिका अक्षरभारतीचे धडे सोप्या मराठीत, कठीण शब्दांचे उर्दू अर्थ देऊन, लिहितो आणि इंटरनेटवर ठेवतो. लिहिणं आमच्या रोजच्या कामातलंच. डोकं चालवावं लागतं ते त्याला नाव काय द्यायचं आणि पत्ता काय ठेवायचा यावर. कारण मोमिनपुऱ्यातल्या मुलीपर्यंत तो मजकूर पोहोचणार की नाही, हे त्या दोन-चार शब्दांवर ठरतं. दहावीच्या मुलीच्या घरी शिकवणीला पैसे नसतील, मोठा भाऊ आठवीत शाळा सोडून कामाला लागला असेल, तर तो मोबाइल हीच तिची शिकवणी असते.

आम्हा शिक्षकांचे शब्द आणि मुलांचे शब्द वेगळे असतात. आम्ही म्हणतो ‘स्वाध्याय’, मुलं लिहितात ‘प्रश्न उत्तर’. आम्ही ‘उपयोजित लेखन’, ती ‘पत्र लेखन’ किंवा नुसतं ‘निबंध’. आम्ही ‘कृतिपत्रिका’, ती ‘पेपर’. अभ्यासक्रमातला शब्द चूक नाही, तो राहिलाच पाहिजे. पण मथळ्यात मुलाचा शब्द हवा आणि पहिल्या दोन ओळींत दोन्ही हवेत. आमच्या मथळ्यात म्हणूनच ‘अक्षरभारती’, ‘द्वितीय भाषा’ आणि ‘उर्दू माध्यम’ हे शब्द असतातच. नुसतं ‘दहावी मराठी’ लिहून हजारोंच्या गर्दीत शिरण्यापेक्षा ज्या शंभर मुलांसाठी लिहिलंय त्यांनाच सापडलेलं बरं.

हाच फरक आपल्या घरातल्या विषयांतही आहे. विद्वान मंडळी ‘ईद-उल-अजहा’ लिहितात, आणि घरात सगळे ‘बकरी ईद’ म्हणतात. अरबी वळणानं ‘सलात’ आणि ‘रमदान’ लिहिणारे लेखक वाढलेत. आपली अम्मी ‘नमाज’ आणि ‘रमजान’च म्हणणार. अरबीतल्या त्या ‘ज्वाद’ अक्षराचा उच्चार फारसी-उर्दूत ‘ज’सारखा झाला आणि तो आपल्या घरांत शेकडो वर्षं रुजलाय. ‘मेहर’ म्हणजे कायदा सांगणाऱ्याचा शब्द, ‘हक्कमेहर’ म्हणजे आपल्या बायकांचा. सरकारी कागदावर ‘अल्पसंख्याक शिष्यवृत्ती’, तर शाळेच्या फाटकात उभी आई विचारते ‘मायनॉरिटी स्कॉलरशिप’. आपल्या शब्दांत लिहिलेलं मराठीत नसेल, तर त्या आईला उत्तर देणारा दुसराच कोणी असतो. त्याला आपलं घर माहीत असेलच असं नाही, आणि त्याचा हेतू चांगला असेलच असंही नाही.

शब्द शोधायला काही विकत घ्यावं लागत नाही. गूगलच्या चौकटीत पहिले दोन शब्द लिहा आणि थांबा. खाली जी यादी उतरते ती लोकांनी खरोखर विचारलेल्या गोष्टींवरून बनते. पानाच्या शेवटीही तसेच शब्द दिसतात. स्वतःचं लिखाण कोणत्या शब्दांनी लोकांना सापडलं, हे गूगलच्याच ‘सर्च कन्सोल’ नावाच्या मोफत सोयीत कळतं. आणि सर्वांत खात्रीची जागा म्हणजे पालकसभा. कोण कोणत्या शब्दात काय विचारतं, ते मी वहीत जसंच्या तसं टिपते.

आता लिपीची अडचण. मराठी शब्दाला विभक्ती चिकटते: शाळा, शाळेत, शाळेचा, शाळांना. शोधणारा बहुधा मूळ शब्द लिहितो, लेखकाच्या मजकुरात तो कुठेच मूळ रूपात नसतो. म्हणून मथळ्यात एकदा तरी शब्द सुटा ठेवावा: ‘नमाज: वेळा आणि पद्धत’. ‘नमाजाच्या वेळांविषयी थोडेसे’ असं मुळीच नाही. उर्दूत वेगळीच गंमत. उर्दूचा ‘काफ’ आणि ‘ये’ अरबीच्या अक्षरांसारखेच दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक निराळे आहेत. अरबी कळफलकावर उर्दू टाइप केलं तर डोळ्याला शब्द तोच, यंत्राला मात्र दुसरा. उर्दू मजकूर सापडत नाही अशी ओरड असते, तिथे आधी कळफलक तपासावा. शिवाय कितीतरी मुलं मराठी रोमन अक्षरांतच लिहितात. त्यांच्यासाठी मी धड्याचं नाव एकदा रोमनमध्येही देते, आणि त्याची लाज वाटून घेत नाही.

रोमनचा खरा उपयोग पत्त्यात होतो. देवनागरीतले पत्ते 2014 पासून मिळतात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘डॉट भारत’ सुरू झालं, आणि उर्दू लिपीतल्या ‘भारत’लाही मान्यता आहे. भाषेच्या शिक्षिकेला याचा आनंद वाटणारच. पण नावाच्या पुढे तिरक्या रेघेनंतर देवनागरी शब्द ठेवला आणि तो पत्ता व्हॉट्सॲपवर टाकला, की अनेकदा त्याचं रूप पालटतं. प्रत्येक अक्षर, मात्रा, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं आणि प्रत्येकाची टक्केचिन्हांसकट नऊ चिन्हं होतात. ‘नमाज’ची 36. ‘अक्षरभारती’ची 90! एवढी लांब साखळी बघून कुठलीही शहाणी बाई त्यावर बोट ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. म्हणून तेवढा भाग आम्ही रोमनमध्ये, लहान अक्षरांत, शब्दांमध्ये छोटी आडवी रेघ देऊन लिहितो. ती रेघ मधोमध हवी, अक्षरांखालची नको. गूगलचाही सल्ला तोच आहे.

मुख्य नावाची माझी कसोटी साधी आहे: ते फोनवर खालाला सांगता आलं पाहिजे. ‘भारती’त ए एक की दोन, हे समजावण्यात पाच मिनिटं जात असतील तर नाव बदला. लोक शोधतात ते सगळे शब्द नावात कोंबल्यानंही काही साधत नाही. केवळ नाव जुळतंय म्हणून वर चढलेल्या निकृष्ट जागांना गूगलनं 2012 मध्येच खाली ढकललं. पानाच्या पोटात लपवलेली शब्दांची यादी आपण क्रम लावताना बघतच नाही, हे त्यांनी 2009 मध्ये जाहीर केलं होतं. तरी ती यादी भरून देण्याचे पैसे घेणारे अजून भेटतात.

वर्षाचं काय? सेहरी-इफ्तारचं वेळापत्रक टाकणारे पत्त्यात साल घालतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, वेळापत्रक बदलतं, आणि नवा पत्ता पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होतो. साल मथळ्यात लिहावं, पत्ता एकच ठेवावा. जुनी ओळख कामी येते. पत्ता बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्याकडे कायमची वाट लावून द्यावी, टपाल नव्या घरी वळवतात तशी. आणि नावाचं वार्षिक नूतनीकरण विसरू नये. सुटलेलं नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो, मग मदरशाच्या जुन्या पत्त्यावर जुगाराची जाहिरातही दिसू शकते.

शब्दांचं हे ज्ञान भामट्यांनाही असतं. रमजानच्या 29 तारखेला मगरिबच्याही आधी ‘चांद दिसला’ असा मथळा झळकतो, आत काहीच नसतं. सूरह मुतफ्फिफीन माप-तोलात कपट करणाऱ्यांबद्दल आहे. आत एक आणि मथळ्यात दुसरं, हे मला त्याच जातीचं वाटतं. हज आणि स्कॉलरशिपच्या नावानं तर पैसे आणि आधार क्रमांक जातात. पत्त्यात ‘हज’ शब्द आहे म्हणून तो हज कमिटीचा होत नाही. आम्ही मुलांना सांगतो, पत्ता उर्दूसारखा उजवीकडून वाचा! ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’नंतर जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर जागा सरकारी. ती अक्षरं सरकारी खात्यांसाठीच राखीव आहेत. तेच ‘गव्ह’ मध्ये कुठेतरी असून शेवट ‘डॉट कॉम’ असेल, तर पान तिथेच बंद करा. उर्दू शाळेतल्या मुलांना हे एका तासात जमतं. हाताला उजवीकडून सुरुवात करायची सवयच असते.

या महिन्यात पालकसभेतून वहीत तीन नवे शब्द आले: ‘दहावी के बाद क्या’, ‘आयटीआय लडकियों के लिए’ आणि ‘नर्सिंग कोर्स नागपूर फी’. शेवटच्यावर शोधून पाहिलं. वरची बरीचशी पानं जाहिरातींची निघाली. मराठीत, कोर्सची नावं, पात्रता आणि खर्च सरळ सांगणारं एक पान पुढच्या रविवारी लिहायला घेतोय. मथळा त्या आईचाच राहील, फक्त ‘मुलींसाठी’ हा शब्द वाढवून.