बेपत्ता वृद्ध आणि तिथीचा प्रश्न

माणूस गेला की त्याच्या तिथीवरून श्राद्ध ठरते आणि तारखेवरून वारसाचे कागद. बेपत्ता माणसाच्या बाबतीत नेमकी हीच जागा रिकामी राहते. भोपाळमध्ये भेल कारखान्याच्या वसाहतीजवळील सोनागिरीत, प्रस्तुत लेखिकेच्या माहेरी, ती 2014 पासून रिकामी आहे. त्या हिवाळ्यात सत्तरी ओलांडलेले, स्मृतिभ्रंश झालेले वडील पहाटे फिरायला म्हणून निघाले ते परतले नाहीत. अशा रुग्णांचे पाय पुष्कळदा जुन्या घराकडे वळतात, म्हणून पिपलानीतले पूर्वीचे क्वार्टर आणि कारखान्याची फाटके पुन्हा पुन्हा धुंडाळून झाली. ठाण्यात ‘गुम इंसान’ अशी नोंद झाली, म्हणजे गुन्हा न मानता केवळ चौकशीसाठी घेतलेली. हरवलेल्या बालकासाठी गुन्हाच नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले आहे. वाट विसरणारा वृद्धही तितकाच असहाय असतो, हे मात्र मानले जात नाही.

एरवी ज्यांना खबर कळली असती अशांना सात वर्षे ती कळली नाही, तर माणूस जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. 1872 च्या पुरावा अधिनियमातील कलम 108 चा हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 मध्ये आहे. मात्र यातून मृत्यू गृहीत धरता येतो, त्याची तारीख नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या खटल्यात स्पष्ट केले. धर्मशास्त्र साधारणतः बारा वर्षे थांबायला सांगते आणि मग पालाशविधी, म्हणजे पळसाच्या 360 देठांची प्रतिकृती करून तिचे दहन, सुचवते. तिथी ठाऊक नसल्यास अमावास्या धरतात. कायदा तारीख देत नाही, शास्त्र उसनी देते.

14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले, तरी त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. या गोष्टीकडे हट्ट म्हणून पाहिले जाते, ते चुकीचे आहे. ज्याचे जाणे कोणी पाहिले नाही, त्याच्या मृत्यूवर सही करण्याचे काम त्या बाईवर सोपवले जात होते. सोनागिरीतही 2021 मध्ये सात वर्षे भरली, तेव्हा घर नावावर करण्यासाठी दिवाणी दाव्याचा विषय निघाला आणि आईने कागद न वाचताच परत केले. पळसाचे नाव तिच्यासमोर अजून कोणी काढलेले नाही. सर्वपित्रीला भाऊ पिंड ठेवतो ते आजोबांपासून वरचे, आणि आई कुंकू लावून स्वयंपाकघरात उभी असते.