पाहुणे देव

आमच्या घरात खापरपणजोबांचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. थोरल्या काकांच्या मते ते देवभक्त, दानशूर, हातात कला असलेले कारागीर. आत्याच्या मते त्यांनी मोठ्या दुष्काळात गोरगरिबांच्या अंगावरची चांदी पाण्याच्या भावात घेतली, आटवली आणि वाडा बांधला. म्हणूनच त्या वाड्याला माडी चढली नाही, कुणा बाईचा तळतळाट लागला म्हणे. लहानपणापासून दोन्ही ऐकत आलोय, आणि दोघंही इतक्या खात्रीनं सांगतात की जणू दुकानाच्या पायरीवर बसून यांनी स्वतः पाहिलंय. (काका, आत्या, तुम्ही दोघंही हे वाचणार याची पूर्ण कल्पना आहे. शेवटपर्यंत वाचा आणि मग फोन करा. :) )

तर मंडळी, गाव म्हसवड. सातारा जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, माण तालुका, माणगंगेचा काठ. सिद्धनाथाचं ठाणं, मार्गशीर्षातली रथयात्रा, घोंगड्या, मेंढरं आणि न पडणारा पाऊस यांसाठी प्रसिद्ध. आणि आमचं आडनाव पोतदार. प्रत्येक सोनाराच्या घरात कुणीतरी एकजण आपला वंश थेट पंढरपूरच्या नरहरी सोनारांपर्यंत नेऊन भिडवतो, तसा आमच्याकडेही एक मामेभाऊ आहे. असो. मला नरहरीपर्यंत जायचं नव्हतं. मला फक्त 1877 पर्यंत जायचं होतं.

आडनावापासून सुरुवात केली. गावगाड्यात पोतदार म्हणजे नाणं पारखणारा सोनार. पाटील-कुलकर्ण्यांनी गोळा केलेला सारा सरकारात भरण्याआधी त्यातला खरा रुपया कुठला, खोटा कुठला, कोणाला किती बट्टा लागेल, हे तो सांगे. अंकुशी, चांदवडी असे तऱ्हेतऱ्हेचे रुपये तेव्हा चालत, त्यामुळे या माणसावाचून वसुली अडायची. मग 1835 मध्ये कंपनी सरकारनं एकाच वजनाचा, एकाच कसाचा रुपया काढला. 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. जुनी नाणी हळूहळू मागे पडली आणि पारख करणाऱ्याचं महत्त्व संपलं. खापरपणजोबा जन्मले 1845 च्या आसपास. म्हणजे पोतदारी त्यांच्या वाट्याला फक्त आडनावात आली. हातात राहिली ती बागेसरी, फुंकणी, ऐरण आणि तराजू.

नवा रुपया मात्र तराजूत फार सोयीचा होता. एका पारड्यात रुपया टाकायचा, दुसऱ्यात चांदी. 'रुपयाभार' हा शब्द त्यातूनच आलेला. बारीक वजनाला गुंजा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आमच्या ट्रंकेत एका डबीत अजून गुंजा आहेत, लालभडक, काळ्या डोळ्यांच्या. लहानपणी आम्ही त्यांनी काचापाणी खेळत असू.

त्याच ट्रंकेत नऊ ठसे निघाले. सोन्याच्या नाजूक दागिन्यांचे नाहीत, देवांच्या टाकांचे. ज्यांच्याकडे देवघरात टाक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यावर देव उठवायचा. खंडोबा, जोतिबा, भैरोबा, बिरोबा, देवी. बोटभर उंचीचा तो पत्रा म्हणजे त्या घराचं कुलदैवत. घर बदललं, गाव सुटलं, तरी टाक बरोबर जातात. माणदेशातल्या धनगर-कुणब्यांच्या घरात सोन्याचा मणी असेल-नसेल, पण चांदीचे देव असणारच. म्हणजे आमचे पूर्वज 'ज्वेलर' वगैरे नव्हते हो. जोडवी, वाळे, कडी, सरी, करगोटे आणि देव, एवढाच त्यांचा संसार. सोनं वर्षातून चार लग्नांत. दुकानातली राखसुद्धा फुकट जात नसे. झारेकरी येऊन ती विकत घेत आणि धुऊन तिच्यातून कण काढत.

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या वहीत आमची पाच पिढ्यांची नावं मिळाली. तिथे खूप वेळ गेला, पण नावांपलीकडे फारसं काही हाती आलं नाही. नाव म्हणजे माणूस नव्हे. माणूस सापडला तो चोपडीत.

ही चोपडी ठशांच्या खाली होती. मोडीत. आजोबांना वाचता येत होती, वडिलांना नाही, आणि मला तर त्या अक्षरांत पावसात भिजलेल्या मुंग्यांची रांग दिसायची. शेवटी पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, तिथे जाऊन शिकलो. (2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम सोन्याचा भाव आला. माझ्याकडेही दोघांनी चौकशी केली. मी नम्रपणे सांगितलं, की मला फक्त एका माणसाचं अक्षर वाचता येतं.) खरंच, महिनाभर त्या एका अक्षराशी झटलो की तो माणूस ओळखीचा होतो. त्यांचा 'रु' नेहमी घाईत असायचा. पाव, अर्धा, पाऊण दाखवणाऱ्या उभ्या रेघा मात्र फूटपट्टीनं मारल्यासारख्या.

चोपडीत साधारण सात वर्षं आहेत. सुरुवातीच्या वर्षांत घडणावळीच्या नोंदी. मार्गशीर्षात यात्रेच्या आधी टाकांची गर्दी, मग माघापासून लग्नसराईची जोडवी-वाळे. उधारी भरपूर, आणि ती धान्यात फेडलेली. जोंधळे, बाजरी, एकदा तर घोंगडं. मग येतं शके 1798. 1876 चा पाऊस गेला. माण, खटाव, खानापूर या भागाला त्याचा फार मोठा तडाखा बसला. तिथून पुढं चोपडीत 'घडणावळ' हा शब्दच दिसत नाही. पान उलटलं की 'मोड'. पुढचं पान, 'मोड'. मोड म्हणजे आटवण्यासाठी आलेला जुना जिन्नस. आधी पुरुषांची कडी आणि करगोटे. मग लेकरांचे वाळे. मग सरी, साखळ्या. शके 1799 च्या श्रावणात जोडवी यायला लागतात. सवाशिणीच्या पायातली जोडवी. वजन फारच थोडं, चार मासे, पाच मासे. रात्री दोन वाजता टेबललॅम्पखाली ही पानं वाचत होतो. बायको पाणी प्यायला उठली, तिनं विचारलं काय झालं. तिला एवढंच म्हटलं, 'जोडवी आली.'

आता आत्याचा मुद्दा. भाव काय दिला? चोपडीत बहुतेक ठिकाणी रुपयाभार मोडीला बारा आणे लावलेत. त्या काळी कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. टांकसाळ शेकडा दोन कापून घेई. म्हणजे निर्मळ रुपयाभार चांदीचा जवळजवळ रुपयाच. दागिन्यात डाख असतो, तांबं असतं, वर्षांचा मळ असतो, आटणीत घट येते. बैलगाडी, पुढे आगगाडी, मुंबईचा दलाल. त्या दोन वर्षांत दुष्काळी भागातल्या दागिन्यांची चांदी मुंबईच्या टांकसाळीत लोटली होती, आणि आमच्या म्हसवडचीही त्यात गेली. चोपडीत तीनदा 'मुंबई रवाना' आहे. हे सगळं वजा करून मी वेगवेगळ्या पद्धतीनं हिशेब मांडला. सोळा आण्यांतले दीड-दोन आणे तरी हातात राहतातच. आणि वाडा बांधायला घेतला तो दुष्काळ संपल्यावर दोनच वर्षांनी. काका, यात मला पळवाट दिसत नाही. सावकारांनी जमिनी घेतल्या तसं यांनी केलं नाही, चार पैसे जास्त मागणाऱ्याला दारातून हाकललं असंही काही नाही, पण दुष्काळात तराजूची दांडी ज्याच्या हातात, त्याचं पोट भरलेलं होतं. आत्याचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं आहे.

आता काकांचा मुद्दा. त्याच पानांत मध्येच अकरा नोंदी वेगळ्या आहेत. जिन्नस 'टाक'. नाव, गाव, वजन, देव कोणता ते, आणि दिलेले रुपये. पण 'मोड' नाही, 'ठेव'. अकराच्या अकरा ठिकाणी 'ठेव'. व्याज लावलेलं नाही. (बाकी गहाणाला ते चोख लावत, रुपयाला महिन्याला अर्धा आणा. तेव्हा मऊ हृदय वगैरे म्हणायची घाई नको.) लोकांनी जोडव्यांच्याही नंतर देव आणले होते, आणि या माणसानं जोडवी आटवली पण देव आटवले नाहीत. स्वतःच्याच ठशावर उठवलेला देव परत मुशीत टाकायला हात धजला नसेल. किंवा धंद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर देव आटवणाऱ्या सोनाराकडे पुढच्या मार्गशीर्षात टाक घडवायला कोण येणार? मला दोन्ही कारणं एकाच माणसात सुखानं नांदताना दिसतात. आमच्या घरातल्या बऱ्याच निर्णयांचं असंच असतं.

अकरापैकी सहा नोंदींवर आडवी रेघ आहे. म्हणजे पैसे आले, देव घरी गेले. पाच नोंदी तशाच.

आणि इथे मला आजी आठवली. आमच्या देवघरात कुलदैवत तुळजाभवानी. पण ताम्हनाच्या कडेला चार टाक वेगळे असत. दोन घोड्यावरचे, एक हातात काहीतरी धरून उभा, आणि एक इतका झिजलेला की नुसता फुगवटा. आजी त्यांना 'पाहुणे देव' म्हणायची. रोज आधी त्यांना गंध, मग आपल्या देवीला. का, विचारलं तर म्हणायची, 'पाहुण्याला आधी वाढतात.' नवरात्रात चिंच आणि रांगोळीनं सगळे टाक उजळायची, त्यातही पाहुण्यांवर हात जरा हलका. ती या घरात 1935 च्या सुमारास सून म्हणून आली तेव्हा तिच्या सासूनंही तिला एवढंच सांगितलं होतं. सासूला तिच्या सासूनं. चार बायकांनी काही न विचारता पूजा केली आणि हिशेब मोडीत पडून राहिला.

चोपडीत पाच, देवघरात चार. चोपडीतली वर्णनं आणि वजनं लावून तीन ओळखता आले. बिरोबा, जोतिबा, सिद्धनाथ. ते झिजलेले चौथे कोण, यावर काका आणि माझी अजून चर्चा चालू आहे.

आता राहिली ती माडी. वाड्याच्या मागच्या सोप्यावर लाकडी खांब वरपर्यंत गेलेत आणि वर काहीच नाही. तळतळाटाची गोष्ट तिथूनच आलेली. पण जून 1893 मध्ये सरकारनं टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तोवर चांदी म्हणजेच रुपया होता. आता रुपया वेगळा आणि चांदी वेगळी. रुपयाचा भाव सरकारनं धरून ठेवला, चांदी घसरत गेली. 1899 पर्यंत एका रुपयातली चांदी जेमतेम दहा आण्यांची उरली होती. ज्यानं आपली सगळी पुंजी चांदीत ठेवली होती, मग तो धनगर असो वा सोनार, त्याची शिल्लक घरात बसल्या बसल्या आटली. आणि त्याच सुमारास 1899-1900 चा दुसरा दुष्काळ आला. लोक पुन्हा जोडवी घेऊन आले असतील, आणि या वेळी बारा आणेसुद्धा कुणाला देता येणार नव्हते. बाईचा तळतळाट लागला असेलही. पण खांब रिकामे राहायला सिमल्याहून निघालेला एक कायदा पुरेसा होता.

गेल्या मार्गशीर्षात यात्रेला गेलो तेव्हा चोपडीतली पाच नावं आणि गावं कागदावर उतरवून नेली होती. सिद्धनाथाचा टाक ज्यांचा, त्यांचं घर शेजारच्याच गावात सापडलं. साठीचे एक गृहस्थ, म्हातारी आई, दोन सुना. मी सगळं सांगितलं. त्यांनी टाक तळहातावर घेतला, जरा तोलल्यासारखा केला आणि विचारलं, 'वजन किती हुतं म्हणला?'

चोपडीत सव्वा तोळा आहे, म्हणालो. निघण्याआधी मी घरी तोलला होता. एक तोळा, दोन मासे भरला. मासाभर चांदी आमच्या घरच्या चिंचेनं आणि रांगोळीनं गेली. तेही सांगितलं.

'आन् घेतलेलं पैसं किती निघत्यात?'

मी म्हटलं, ते राहू द्या. त्यावर म्हातारी आतून म्हणाली, 'राहू कसं द्यायचं? देव सोडवायचा म्हंजी पैसं देऊनच सोडवायचा.' मुद्दल एक रुपया होतं, बिनव्याजी. तिनं कनवटीची पिशवी सोडून एक नाणं माझ्या हातावर ठेवलं आणि मगच टाकाला हात लावला. रात्री म्हसवडला परत आलो, चोपडी काढली, आणि त्या नोंदीवर शाईनं आडवी रेघ मारली. पेन्सिलनं मारावी की काय असं क्षणभर वाटलं होतं, जुना कागद आहे म्हणून.

बिरोबाचं घर आटपाडीकडे गेल्याचं कळलंय. आत्या, तुझ्या सासरची माणसं त्या बाजूला आहेत, जरा विचारून ठेव. जोतिबावाल्यांचा पत्ता सांगलीतून मिळतोय. काकांनी गाडी काढायचं कबूल केलंय. ठरलं की कळवतो.